शेरा : घरगुती

दिनांक ९ फेब्रुवारी

तीर्थरूप दादा,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. माझा फोन बिघडलाय आणि दुरुस्त करणारा रोज "उद्या नक्की" म्हणतो. तोवर कागदावर बोलावं म्हटलं. माझं अक्षर तुला लागतंय का बघ. शाळेत असताना तू त्याला मुंग्यांची पळापळ म्हणायचास. आता त्या मुंग्याही म्हाताऱ्या झाल्यात.

इकडे ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, त्याचा वॉशर मी स्वतः बदलला आणि दिवसभर स्वतःवर खूश होते. संध्याकाळी तो पुन्हा गळायला लागला. समोरच्या शिंपीणबाईंना नात झाली. तेव्हापासून त्यांनी शिवणकाम बाजूला ठेवलंय आणि दिवसभर फोनवरून लोकांना नातीचं रडणं ऐकवत असतात. माझं परकराचं कापड महिनाभर त्यांच्याकडे अडकलंय.

ऑफिसात नेहमीचंच. आकडे या तक्त्यातून त्या तक्त्यात न्यायचे. ३१ मार्चला मी सुटेन. निरोपाला आमच्याकडे भिंतीवरचं घड्याळ देतात. गेल्या वर्षी ज्यांना दिलं त्यांचं आठवड्यात बंद पडलं, तर ते तक्रार घेऊन पुन्हा ऑफिसातच आले होते. शिपायाने त्यांना ओळखपत्र नाही म्हणून आत सोडलं नाही.

पेपरात तुझ्या याचिकेची चार ओळींची बातमी वाचली. नाव नव्हतं, "पाणी प्रयोगशाळेतील एक कर्मचारी" असं होतं, पण तूच तो. सरकारने फोन चोरून ऐकला, घराची झडती घेतली, हे घटनेने दिलेल्या खासगीपणाच्या हक्काविरुद्ध आहे, असं तुझं म्हणणं. कोर्टकचेरी म्हणजे डोक्याला ताप. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेत जा. वकीलबाई हुशार आहेत असं ऐकते.

वहिनींचा पाय कसा आहे? प्लास्टर निघालं असेल. मागे मी शुश्रूषागृहात आले तेव्हा त्या झोपल्या होत्या. तासभर खुर्चीत बसले आणि परत फिरले. तिथल्या मुली त्यांना "आजी" म्हणतात, ते त्यांना आवडत नसणार. तीस वर्षं भूगोल शिकवलाय त्यांनी, "बाई" म्हणा असं सांगून ठेव. आणि त्यांची ती निळी वही परत मिळाली का? नसेल मिळाली तर नवी आणून दे. हाताशी असलेली बरी.

उत्तर पाठवलंस तर बरं वाटेल. घाई नाही.

तुझी,
बारकी


दिनांक २० फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही, एकच ओळ. "वही होती, आणि ती निळी होती, हे तुला कोणी सांगितलं?"

दोन दिवस मी उत्तर जुळवत होते. वहिनींनीच सांगितलं, हे एक. तुमच्याकडे आले तेव्हा टेबलावर पाहिली, हे दुसरं. दोन्ही दिसायला बरी होती. पण वहिनी आता कोणाला काही सांगण्याच्या अवस्थेत नाहीत, आणि मी तुमच्या घरी येऊन दीड-दोन वर्षं झाली, हे तुलाही ठाऊक आहे. बोलताना जीभ घसरली असं म्हणता येतं. पत्र तर मी दोनदा वाचून पाकीट चिकटवलं होतं. तेव्हा वहीचा उल्लेख चुकून झाला असं म्हणण्यात अर्थ नाही. तू विचारावंस म्हणूनच मी तो केला असावा.

मी आकडेवारी विभागात नाही. आमच्या इमारतीवर तशी पाटी आहे, आणि पहिल्या दोन मजल्यांवर खरोखरच आकडे मोजणारी माणसं बसतात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दाराशी कबुतरांच्या खुराड्यासारखं लाकडी कपाट आहे, त्यात आपापला मोबाईल ठेवून आत जायचं. आत सहा टेबलं, सहा हेडफोन. खिडक्यांच्या काचा अर्ध्यापर्यंत राखाडी रंगवलेल्या. हेडफोनचा फोम इतका जुना झालाय की घरी येऊन आरशात बघितलं की कानाच्या पाळीवर काळे कण दिसतात. सरकारने ज्यांच्या फोनवर पाळत ठेवली आहे, त्यांचं आदल्या दिवसाचं बोलणं सकाळी आमच्याकडे येतं. ते ऐकायचं आणि तक्ता टाइप करायचा. वेळ, कोण बोललं, गोषवारा, शेरा. नाव कुठेच नसतं, फक्त क्रमांक. एकोणीस वर्षं मी हे काम करते आहे. बारकीच्या डोक्यात नुसते आकडे, असं तू चिडवायचास, तेव्हा मी हसून घ्यायचे.

गेल्याच्या गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझ्या टेबलावर नवा क्रमांक आला, ४१७. सोमवार होता. मी हेडफोन लावले आणि पहिलंच वाक्य कानावर आलं, "दादा, जेवलास का?" आवाज थोडा नाकातला, थोडा हुकूम सोडणारा. कोण ही आगाऊ बाई, असं मनात आलं, आणि मग कळलं की ती मीच. आदल्या दिवशी रविवार, मी नेहमीप्रमाणे तुला फोन केला होता. तक्त्यात मी टाइप केलं, "महिला, वय अंदाजे पन्नास, नातेवाईक." सहा वर्षं कमी लावली, तेवढी सवलत घेतली.

नियम असा आहे की ओळखीचं माणूस निघालं तर फाइल त्याच क्षणी साहेबांकडे परत करायची. मी केली नाही. ती तीन नंबरच्या टेबलाकडे गेली असती. तिथला माणूस कामाला चोख आहे, पण चहाच्या वेळेला लोकांची भांडणं, आजार, नवराबायकोच्या गोष्टी आवाज काढून वाचून दाखवतो. चांगली नक्कल करतो, सगळे हसतात. मीही हसलेली आहे. तुझ्या आणि वहिनींच्या आवाजाची नक्कल त्या खोलीत व्हावी, हे मला चाललं नसतं.

आणखी एक नियम आहे. कोर्टाच्या एका जुन्या निकालामुळे आला तो. ज्या बोलण्याचा तपासाशी संबंध नाही, ते टाइप करायचं नाही. शेऱ्यात एकच शब्द लिहायचा, "घरगुती". मी ठरवलं, ४१७ चं सगळं घरगुती. आणि ते खरंच होतं. पूर्वेकडच्या टाकीच्या पाण्याचे खरे आकडे तू रहिवाशांच्या सभेत वाचून दाखवलेस, हा तुझा मूळ गुन्हा. त्याबद्दल फोनवर तू एक अक्षर बोलला नाहीस. तू दिवसातून सहा वेळा प्रयोगशाळेतून घरी फोन करायचास, आणि मी सहा वेळा घरगुती लिहायचे. मला वाटलं, मी तुमच्या दारावर पडदा लावला.

दोन महिन्यांनी साहेबांनी मला बोलावलं. तक्ते समोर पसरलेले.

"बाई, हे काय? पानंच्या पानं घरगुती?"

"तसंच आहे, साहेब."

"दिवसातून सहा फोन बायकोला! लग्नाला किती वर्षं झाली याच्या?"

"एकतीस," मी म्हणाले, आणि जीभ चावली. "म्हणजे, बोलण्यावरून तसं वाटतं."

"एकतीस वर्षांनी कोण बायकोला सहा फोन करतं हो? मी जेवायला येणार नाही एवढंसुद्धा कळवत नाही घरी. यात कुठेतरी पाणी मुरतंय."

पाळतीचा हुकूम दोन महिन्यांचा असतो. वाढवायचा तर पाळत मंजूर करणाऱ्या समितीने कारण लिहायचं. समितीने लिहिलं, "घरगुती संभाषणाचे प्रमाण अनैसर्गिक." पुढच्या खेपेला तेच, आणि त्याच्या पुढे "कारण पूर्ववत". असा तो सहा वेळा वाढला. चौदा महिने. त्यातलं प्रत्येक कारण माझ्या हातचं होतं.

तुमचं बोलणं मी जसंच्या तसं टाइप केलं असतं, तर समितीतल्या कोणाही माणसाला दोन मिनिटांत उमगलं असतं की हा एक नवरा आहे, याची बायको विसरायला लागली आहे, आणि हा कामावरून तिचा दिवस तिला पार करून देतोय. "निळी वही उघड. दुसरं पान. चौथी ओळ वाच. केलंस? मग त्यावर काट मार." पाळत पहिल्या दोन महिन्यांत उठली असती. मी ते झाकून ठेवलं, म्हणून ते गुपित ठरलं. ऑक्टोबरात साहेबांनी ४१७ स्वतः ऐकायला घेतला आणि त्यांच्या कानावर नेमकी हीच वाक्यं पडली. त्यांना ती सांकेतिक भाषा वाटली. अकरा तारखेला तुला प्रयोगशाळेतून चौकशीला नेलं आणि त्याच वेळी चार माणसं घरी जाऊन वही घेऊन आली. चौकशीत तुला "दुसरं पान उघड म्हणजे काय?" असं विचारलं, तेव्हा तुला कळलं की फोन ऐकला जातोय. हे मला चौकशीच्या टिपणावरून माहीत आहे.

ती वही आमच्या कपाटात आहे. पहिल्या पानावर तुझ्या अक्षरात लिहिलंय, "हे तुझं घर आहे. मी चारला येतो." तीन नंबरने ती चहाच्या वेळी उघडली होती. वाचली आणि नक्कल न करता मिटून ठेवली. तेवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

आज इतकंच लिहवतं.

बारकी


दिनांक १२ मार्च

दादा,

नमस्कार लिहिते आहे, तू घेशील की नाही ते माहीत नाही. तुझं उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. तू रोज अकरा ते एक शुश्रूषागृहात असतोस, त्या वेळात येऊन दाराच्या फटीतून आत सरकवेन. तुझ्यासमोर उभं राहायचं धैर्य नाही, हे सरळच सांगते.

ऑफिसच्या सवयीने मी माझ्या पत्रांच्या नकला ठेवते. वीस तारखेच्या पत्राची नक्कल काल वाचली. त्यात एक भली बाई दिसते, भावाचं झाकायला गेली आणि बिचारीच्या हातून चूक झाली. वाचून मलाच तिची दया आली. म्हणून हे आणखी एक पत्र.

बोलणं घरगुती आहे असं कळलं की तिथेच थांबायचं आणि रेकॉर्डिंग पुढे ढकलायचं, असा नियमाचा उरलेला अर्धा भाग आहे. मी शेरा लिहायचे, आणि ऐकत राहायचे. रोज. पहिल्यापासून शेवटपर्यंत. वहिनींना "खिडकी" हा शब्द आठवत नव्हता आणि तू "घाई नाही, घाई नाही" म्हणत फोनवर थांबून राहिलास, ते मी ऐकलं. दुपारी तू त्यांना देशांच्या राजधान्या विचारायचास, त्या त्यांना शेवटपर्यंत येत होत्या. एकदा तू मुद्दाम चुकीची सांगितलीस आणि त्यांनी तुला वर्गातल्या ढ मुलासारखं झापलं. मी मोठ्याने हसले. तीन नंबरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, तर मी खोकल्याचं सोंग केलं.

मला ते आवडायचं, दादा. माझ्या घरी एक रेडिओ आहे आणि एक गळका नळ. चौदा महिने तुमचं घर माझ्या कानाशी होतं. सोमवारी सकाळी मी लवकर निघायचे, कारण शनिवार-रविवारचं साचलेलं असायचं. फाइल मी परत केली नाही ती तुमच्यासाठी, असं मी तुला लिहिलं. पहिल्या आठवड्यापुरतं ते खरं होतं.

त्यात माझ्याबद्दलही असायचं. "बारकीला सांगू नकोस," तू वहिनींना म्हणालास, "ती येईल आणि औषधं, मोजे, डबे सगळं ताब्यात घेईल." खोटं नाही, मी तसंच केलं असतं. पण मला लागलं. त्यानंतर रविवारी मी तुझ्याशी तुटक बोलायला लागले, फोनही कमी केले. ते सगळं सावधगिरीतून नव्हतं. मी रागावले होते, आणि ज्या गोष्टीचा राग आला ती मला कळायलाच नको होती. तुला वाटलं मी बदलले. वहिनी तुला म्हणाल्या, "तिला एकटं वाटत असेल, जेवायला बोलाव तिला." तू बोलावलंस. मी काम आहे म्हणाले.

आता अकरा ऑक्टोबर.

साडेपाचला मी बाहेर येऊन कपाटातून फोन घेतला, तर तुमच्या घरच्या फोनवरून तीन कॉल येऊन गेलेले. तीन दहा, तीन पंचवीस, चार पाच. वहिनी. "अडचण आली तर फोनवर चिकटवलेला नंबर लाव" असं तू त्यांना सांगितलेलं मी ऐकलं होतं, आणि तो नंबर माझा होता. वही गेली होती, तू चौकशीत अडकला होतास, तेव्हा त्यांनी तो लावला.

मी उलटा फोन केला नाही. साहेब सोमवारपासून ती लाइन स्वतः ऐकत होते. माझं "हो साहेब, नाही साहेब" ते रोज ऐकतात, आवाज पहिल्या शब्दाला ओळखला असता. नातं लपवलं म्हणून नोकरी गेली असती, निवृत्तीला सहा महिनेही उरले नव्हते. हे सगळं मी बसथांब्यावर उभी राहून व्यवस्थित विचारात घेतलं. मग बस आली आणि मी चढले. घरी येऊन सूप गरम केलं आणि प्यायले.

आठला शेजाऱ्यांच्या फोनवरून तुझा फोन आला. "ती तुझ्याकडे आलीय का?" मी नाही म्हणाले, ते खरं होतं. "तुला फोन केला होता तिने?" मी त्यालाही नाही म्हणाले.

तू शोधायला निघालेल्या सगळ्यांना सांगितलंस की ती माणसं दोनला गेली, त्यानंतर लगेच ती बाहेर पडली असणार. तसंच शोधलं सगळ्यांनी, दोन वाजल्याचा हिशेब धरून, बाजार आणि शाळेकडे. पण चारपर्यंत त्या घरातच होत्या. माझ्याकडून उत्तर येईना, म्हणून निघाल्या. चारनंतर त्या रस्त्याने डेपोच्या बसेस जातात. मी एक शब्द बोलले असते तर कोणीतरी डेपोत जाऊन पाहिलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या तिथेच सापडल्या, पाय मोडलेला, चपला नाहीत, आणि ती सभ्य माणसं वही घेऊन कुठे गेली असं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होत्या. तेव्हापासून त्या घरी आलेल्या नाहीत. तू मला सांगितलंस की त्या रात्री स्वतःच घरी परतल्या आणि मग न्हाणीघरात पडल्या. खरं काय ते मला ऑफिसातल्या टिपणावरून माहीत होतं, तरी मी मान डोलावली. आपण दोघं त्यांच्या पलंगाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांशी खोटं बोललो. तुझं खोटं त्यांच्यासाठी होतं, माझं माझ्यासाठी.

मला लाज वाटते. याहून मोठा शब्द शोधला, मिळाला नाही.

तुझी सुनावणी २४ मार्चला आहे. आमच्या खात्याने कोर्टात लिहून दिलंय की पाळत दर दोन महिन्यांनी "उपलब्ध मजकुराच्या आधारे" तपासून वाढवली. आणि तो मजकूर नियमानुसार नष्ट केला आहे. मजकूर म्हणजे माझे तक्ते, आणि त्यांत एका शब्दाखेरीज काही नव्हतं. हे शपथेवर सांगू शकेल असं माणूस मी एकटी. साहेब सांगणार नाहीत, समितीने तक्ते उघडून पाहिले असतील असं मला वाटत नाही. तेव्हा मी सांगणार आहे. निवृत्तीची वाट बघून ३१ नंतर सांगितलं तर उपयोग नाही. काल तुझ्या वकीलबाईंकडे गेले होते. मी कोण ते ऐकून त्या जागेवरून उठल्या, खिडकी लावून आल्या, आणि मग म्हणाल्या, "तुम्हाला तुरुंग होऊ शकतो, कल्पना आहे ना?" मी म्हणाले, आहे. त्या म्हणाल्या, "पाणी घ्या." मी घेतलं.

प्रतिज्ञापत्र तयार आहे. अकरा कलमं. माझं नाव, हुद्दा, नातं लपवलं ते, घरगुती हा शेरा, सहा वेळा वाढलेला हुकूम, तीन फोन, सगळं आहे. सातवं कलम रिकामं ठेवलंय. वकीलबाई म्हणतात, सरकारी वकील पहिला प्रश्न तोच टाकणार. घरगुती म्हणजे नक्की काय? तुम्ही बहीण, तुम्ही म्हणता म्हणून कोर्टाने मानायचं? मग मला सांगावं लागेल. वही कशासाठी होती, चौथ्या ओळीत काय होतं, वहिनींना काय झालंय. ते ऐकलं की सांकेतिक भाषेची गोष्ट तिथल्या तिथे कोसळेल. नाही सांगितलं तर माझा शब्द एका बाजूला आणि सरकारचा दुसऱ्या. तेव्हा तू हरूही शकतोस.

पण तू स्वतः याचिकेत आजाराचं एक अक्षर लिहिलेलं नाहीस. "पत्नीची खासगी वही", बस्स. लिहिलं असतंस तर न्यायाधीशांपासून पेपरवाल्यांपर्यंत सगळे हळहळले असते. तू का लिहिलं नाहीस, ते मी ओळखते, आणि ओळखण्याचा मला अधिकार नाही. वहिनी तुला म्हणाल्या होत्या, "कोणाला सांगू नकोस हं. लोक माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागतील. मी काय बहिरी आहे?" तू म्हणालास, नाही सांगत. हरायची वेळ आली तरी तू तो शब्द पाळतोयस. मला या सगळ्यात एवढीच एक गोष्ट कोणी नीट केलेली दिसते.

म्हणून विचारते. तुमच्या घरातलं चौदा महिने ज्याला हवं त्याने घेतलं आणि कोणी विचारलं नाही. सगळ्यांत जास्त मी घेतलं. सातव्या कलमात वहिनींबद्दल लिहू का?

हो म्हणालास तर तू सांगशील तेवढंच लिहीन, वर एक शब्द नाही. नाही म्हणालास तर कलम रिकामं ठेवून साक्षीला उभी राहीन, आणि विचारलं की सांगेन, हे माझं नाही, मी सांगणार नाही. त्याबद्दल कोर्ट जे करेल ते करेल. दोन्ही परिस्थितीत मी २४ तारखेला तिथे आहे. तू माझ्याकडे बघावंस अशी अट नाही.

खरं तर हा प्रश्न तुलाही नाही, वहिनींना आहे. सकाळी दहाच्या सुमारास त्या थोडा वेळ बऱ्या असतात असं तिथल्या मुली सांगतात, तेव्हा एक दिवस लवकर जाऊन विचारून बघ. समजेल असं विचार, सावकाश नको. खोलीचं दार लावून घे आणि तुझा फोन बाहेर ठेव. त्या काय म्हणाल्या, कशा म्हणाल्या, ते मला सांगू नकोस. नुसतं हो की नाही एवढं एका कार्डावर लिहून वकीलबाईंकडे दे.

लोभ असावा असं लिहायची हिंमत होत नाही. तुमच्या दारात बाहेरच्या बाजूला थांबलेली,

बारकी